पट्ट्याचा धनी

१

आमच्या हळर्णच्या डोंगराला राखणदार आहे आणि तो वहाणा झिजवतो. लग्न होऊन दोडामार्गातून इथे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला त्याचं ठिकाण दाखवलं. काजूची बाग संपते तिथे किंदळीच्या झाडाखाली गुडघ्याएवढा काळा दगड, आणि त्याच्यापुढे कातडी वहाणांचा जोड. दरवर्षी नवा जोड ठेवायचा. वर्षभर तो डोंगरावर गस्त घालतो, म्हणून पुढच्या वर्षी टाचा झिजलेल्या दिसतात. मी म्हटलं, ऊन, पाऊस आणि कोल्हे मिळून वहाणांचं काय करतात ते मलाही ठाऊक आहे. सासूबाई म्हणाल्या, "कोलो फक्त टाच झिजयता काय गो?" हा प्रश्न माझ्या लक्षात राहिला.

नवरा फौजेत असला की बाईपुढे दोन रस्ते असतात. देव्हाऱ्यासमोर बसायचं, नाहीतर कोयता घेऊन बागेत शिरायचं. सासूबाईंनी पहिला धरला, मी दुसरा. वठलेली झाडं काढून कलमं मी लावली, कुंपण मी घातलं, काजूचे बोंडू मळायला माणसं मी आणली. संदीप रजेवर यायचा आणि पाहुण्यासारखं बागेचं कौतुक करून जायचा. मी त्याला 'हवालदार' म्हणायचे, तो साधा शिपाई होता तेव्हापासून. बढती घरी आधी मिळाली, पलटणीत नंतर.

शेवटची वर्षं त्याची पलटण ईशान्येकडच्या जंगलात होती. फोन लागला नाही की सासूबाईंची भाकरी तव्यावर करपायची. त्या दिवसांत त्यांनी राखणदाराला नवस बोलून ठेवला होता. माझा पोर स्वतःच्या पायांनी घरी येऊ दे, त्याच्या कमरेचा पट्टा तुला देईन. वहाणा सगळेच देतात, पण गस्त घालणाऱ्याला पट्टाही लागत असेलच की! असा त्यांचा विचार. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट हसू आलं.

गेल्या दिवाळीआधी संदीप कायमचा घरी आला. इतकी वर्षं मी रस्त्याकडे डोळे लावून बसले होते असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण तो दारापुढच्या बाल्कांवात चढला, पाठीवरचा पिठ्ठू खाली ठेवला, तेव्हा तो उचलून मी आधी आत नेला. आता हा माणूस इथून हलणार नाही, एवढंच मनात होतं.

२

पट्टा द्यायला मात्र तो टाळाटाळ करू लागला. आज पाहू, उद्या पाहू, आधी वहाणा तर ठेवू. काजूचा मोसम तोंडावर आला, आणि सासूबाईंनी जाहीर केलं की नवस फिटल्याशिवाय बागेतला पहिला बोंडू कुणी उचलायचा नाही. मग एका सकाळी त्याने मुकाट्याने ट्रंक उघडली.

जाड विणीचा हिरवा पट्टा होता, चार बोटं रुंद. खांद्यावरून जाणारे बंद, गोळ्यांचे पाऊच, पाण्याच्या बाटलीची पिशवी, हे सगळं अडकवायला त्याला कड्या. बकलावर आणि प्रत्येक कडीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. मी विचारलं, हे कशाला?

"आवाज येता नये म्हणान," तो म्हणाला. "जंगलात एक कडी वाजली तर माणूस जाता."

ट्रंकेत डांबरगोळ्या टाकलेल्या होत्या, तरी पट्ट्याला ओल्या बांबूचा वास होता.

गाऱ्हाणं घालायला शेजारचे गोकुळदासकाका आले. त्या दगडापुढे बोलायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि घसा मोकळा केला. "बा राखणदारा, ह्या डोंगराच्या धन्या! आज ह्या पट्ट्याचो धनी रानावनातसून सुखरूप घराक इलो, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

"जसो तू तेका घराक हाडलंस, तसोच ह्या उंबऱ्याच्या आत राख, जेवक घाल, फिरान रानात धाडू नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी म्हटलं, सासूबाई म्हणाल्या. संदीप गप्प होता. हात जोडलेले, नजर पट्ट्यावर. मी कोपराने ढोसलं तरी त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. लाजत असेल, मला वाटलं. फौजी माणूस 'जय' म्हणताना डोंगर हलवतो आणि गाऱ्हाण्याला लाजतो.

पट्टा दगडावर उघडा पसरून ठेवला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पसरला मीच.

३

आमच्या बागेत लपून कुणाला येता येत नाही. मोसमात झाडांखाली पातेरा पडतो, वाळक्या पानांचा हा थर, त्यावर कोंबडी चालली तरी माणूस आल्यासारखं वाजतं. वर पाखरं, खाली किडे, दिवसभर कलकलाट. मी घरात असले तरी कानांनी बागेत असते. कोण कुठे वेचतंय, कोण झाडाखाली आडवं झालंय, मला बसल्या जागी कळतं. माणसं म्हणतात, बाईच्या पाठीला डोळे आहेत. डोळे नाहीत हो, पातेरा आहे.

नवस फिटल्यावर थोड्याच दिवसांत दुपारी पाखरं गप्प होऊ लागली.

सगळी एकदम झाली असती तर मी लक्षही दिलं नसतं. आधी किंदळीकडची गप्प झाली. मग मधल्या कलमांतली. मग विहिरीजवळची. आणि पुढची गप्प झाली की मागची पुन्हा सुरू होत. म्हणजे तो गप्पपणा एवढासाच होता, एखाद्या खोलीएवढा, आणि तो डोंगरावरून खाली चालत येत होता. सावकाश, मध्ये थांबत. आमच्या मागल्या दाराशी तो आला आणि तिथेच राहिला. मी स्वयंपाकघरात उभी होते. बाहेर पातेऱ्याचं एक पान वाजलं नाही. पत्र्यावर नेहमी कुरकुरणारी पारवळंसुद्धा बंद.

मी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. ऊन होतं आणि वाळत घातलेल्या काजूबिया होत्या.

शिक्रा असणार. शिक्रा झाडाझाडावरून सरकू लागला की पाखरं अशीच दातखीळ बसल्यासारखी गप्प होतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तसंच झालं, तेव्हाही मी शिक्र्यावरच सगळं ढकललं. शिक्र्याला आमचं मागलं दार का आवडावं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

संध्याकाळी संदीप कामावरून आला. मोप्याच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून हॉटेलं उभी राहिली आहेत, त्यांतल्या एकात तो सिक्युरिटीचा सुपरवायझर होता. मी त्याला हसत हसत ही गंमत सांगितली. तो हसला नाही. त्याने घास ताटात परत ठेवला.

"जंगलात आमी आवाज आयकी नाय होतो," तो म्हणाला. "आवाज खंय बंद पडता, ता बघी होतो. थंय माणूस असता."

"हय जंगल नाय हवालदार, बाग आसा. माझी."

"मागल्या दाराक कडी घाल दुपारची," एवढंच तो म्हणाला.

मी घातली नाही. माझ्या घरात दिवसाढवळ्या दाराला कडी घालायची वेळ अजून आली नव्हती.

४

एकदा दुपारी बागेतून परतले तर सासूबाई खुशीत होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय, ऑपरेशनचं नाव काढलं की त्या पांघरूण ओढून झोपतात.

"संदीप जेवलो," त्या म्हणाल्या. "पण रेश्मा, बारीक किती झालो गो तो! पट्टो कमरेर रवणा नाय."

"आये, तो मोप्याक गेलो हा. सकाळीच."

"मग माझ्या हातचो भात कोणी खाल्लो?"

मी भाताचं भांडं पाहिलं. भात कमी होता. मांजर, म्हटलं. पण ताट धुतलेलं होतं. धुऊन, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कट्ट्यावर पालथं घातलेलं, आणि पाण्याचा पेला त्याच्या शेजारी तसाच पालथा. मांजर हे करत नाही. खरं सांगायचं तर आमचा हवालदारही करत नाही. फौजेत इतकी वर्षं स्वतःचं ताट धुतलेला हा माणूस घरी आल्यापासून ताटावरून उठतो तो थेट बाल्कांवातल्या खुर्चीवर, त्याच्या कदेलावर, जाऊन बसतो.

मागल्या पायरीवर ओल होती. आणि ओलीत एक जळू होती, काडीएवढी, पायरीच्या कडेवर उभी राहून हवेत डोकं फिरवत होती. आमच्याकडे जळवा पावसाळ्यात निघतात. ते दिवस मार्चचे होते, विहिरीचा तळ दिसत होता. मी तिच्यावर मीठ टाकलं आणि ती विरघळेपर्यंत तिथे उभी राहिले. माझ्या घरात काय येतंय, ते मला नीट पाहायचं होतं.

संध्याकाळी संदीपने आपणहून एक गंमत सांगितली. हॉटेलाचं काचेचं दार माणूस समोर आला की आपोआप उघडतं. आज त्याच्यासाठी उघडलं नाही. तो पुढे झाला, मागे झाला, हात हलवला. मागून बॅग ओढत एक पाहुणा आला, तेव्हा कुठे उघडलं. "मेकॅनिकान बघल्यान. म्हणता, दार बरा आसा."

"तुमचा तोंड बघून बंद झाला आसतला," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. माझं हसणं मला ऐकू आलं. त्याचं हसणं मी पाहिलं फक्त.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किंदळीखाली गेले. कुणाला सांगून गेले नाही, आणि घाबरूनही गेले नाही. रागाने गेले.

पट्टा दगडावर होता. मी पसरून ठेवलेला पट्टा बकल लावून बंद केलेला होता, एका माणसाच्या कमरेएवढा गोल. बारीक माणसाच्या. दगड कोरडा होता आणि पट्टा मात्र ओला. बकलावरच्या चिकटपट्टीच्या कडा बोट लागून लागून उचकटाव्यात तशा उचकटल्या होत्या. वहाणा शेजारीच होत्या. त्या कोऱ्या होत्या, टाचांना धूळसुद्धा नव्हती.

मी बकल सोडलं आणि पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला शाईने नाव लिहिलेलं होतं. निलेश.

संदीप अंगणात दात घासत होता. मी पट्टा त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, हा कोण? तो खाली बसला. मग जे सांगितलं ते त्याने माझ्याकडे न बघता, विहिरीकडे बघत सांगितलं.

निलेश डिचोलीकडच्या सर्वणचा. पलटणीत गोव्याचे दोघेच, त्यामुळे भांडण झालं तरी आपल्या भाषेत व्हायचं. जंगलात त्याला मलेरिया झाला आणि तो इतका उतरला की पट्टा पार आवळला तरी पाण्याच्या, गोळ्यांच्या वजनाने घसरायचा. संदीपने आपला पट्टा मोच्याकडून आखूड करून घेतला होता. गस्तीला निघताना त्याने तो निलेशला दिला आणि त्याचा आपण घेतला. 'फिरान इल्यार परत दी,' एवढंच बोलणं झालं. पुढे एक नाला आला. निलेश पुढे होता. बांबूंच्या पलीकडे त्याची पाठ दिसत होती, मग दिसेनाशी झाली. पाण्यात पडल्याचा आवाज नाही, गोळीचा नाही, हाक नाही. मागाहून सगळी पलटण शोधत राहिली. टोपीसुद्धा मिळाली नाही.

"तेच्या आवशीन अजून तेचा दिवसकार्य करूक दिल्यान नाय," तो म्हणाला. "म्हणता, येतलो."

"आणि तुमी तेचो पट्टो राखणदाराक दिलास?"

"आयेन म्हटल्यान, कमरेचो पट्टो दी. मी घराक इलंय तेव्हा माझ्या कमरेक हो होतो. माझो तेच्याकडे रवलो. मी खोटा काय केलंय, सांग."

खोटं काहीच नव्हतं. मी गोकुळदासकाकांचं गाऱ्हाणं मनात पहिल्यापासून म्हणून पाहिलं. ह्या पट्ट्याचो धनी. तेका उंबऱ्याच्या आत राख. जेवक घाल. आणि आम्ही दोघी केवढ्या मोठ्याने म्हणालो होतो, व्हय म्हाराजा.

६

माझं डोकं अजूनही ताळ्यावर होतं. ओला पट्टा, मोतीबिंदू, बिघडलेलं दार, शिक्रा. सुटं सुटं धरलं तर प्रत्येकाला कारण होतं. पण पुढच्या दिवसांत ती कारणं मला पुरेनाशी झाली.

आमचा कुत्रा संदीप फाटकातून आला की शेपटीने अंगण झाडायचा. आता तो डोकं उचलेना. सकाळी पाववाला पोदेर आला, संदीप फाटकाशी उभा होता, तर पोदेराने त्याच्या खांद्यावरून मला विचारलं, "घोव नाय घरा? पाव किते दिवं?" संदीप पातेऱ्यावरून चालत यायचा आणि मला तो आल्याचं कळायचं नाही. बोलताना त्याच्या वाक्यांची शेपटं गळू लागली, मग मधले शब्द. मी 'काय म्हटलास?' विचारायचे, तो पुन्हा सांगायचा, आणि पुन्हा तेवढंच ऐकू यायचं. दुपारी मात्र सासूबाईंच्या स्वयंपाकघरात रोज कुणीतरी पोटभर जेवत होतं आणि ताट धुऊन ठेवत होतं. त्या म्हणायच्या, जरा अंगावर येतोय आता.

एका रविवारी दुपारी संदीप घरी होता, बाल्कांवात कदेलावर. सासूबाई आतून आल्या, दाराशी थांबल्या आणि मला हळूच विचारलं, "रेश्मा, भायर कोण बसलो हा गो? संदीप जेवता हा हय, तेका विचार वळखता काय."

संदीपने ते ऐकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या दिवसापासून त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी भीती कधी पाहिली नव्हती. मी त्याचा हात धरला. हात होता, गरम होता, माझ्याच माणसाचा होता. पण माझ्या बांगड्या त्याच्या मनगटावर आपटल्या आणि वाजल्या नाहीत.

तेव्हा मी घाबरले. आणि मी घाबरले की मला राग येतो, आणि राग आला की माझी कामं पटापट होतात. घर एक, उंबरा एक, आणि त्याच्या आत राखायला सांगितलेला माणूस एक. तो माझा नव्हता, तर चूक दुरुस्त करायला हवी होती. ज्याचा पट्टा, त्याच्या घरी.

गोकुळदासकाकांना बोलावलं असतं तर ते दिलेलं परत घ्यायला नाही म्हणाले असते. म्हणून मी एकटीच नारळ घेऊन किंदळीखाली गेले. मान कुणाचा का असेना, तोंड मलाही आहे. "म्हाराजा," मी म्हटलं, "हो पट्टो सर्वणचो. तेचो धनी सर्वणचो. तेका तेच्या घराक व्हरतंय. माझो माका दी." व्हय म्हणायला मागे कुणी नव्हतं. ते मीच म्हटलं.

पट्टा पुन्हा बंद होता. तो तसाच उचलला.

७

स्कूटर मी चालवली. संदीप मागे बसला, पट्टा डिकीत. अस्नोड्यापर्यंत रस्ता सरळ गेला. दोन्ही बाजूंना लोक होते, दुकानं होती, एका देवळात लाऊडस्पीकर लावलेला होता, आणि मला वाटलं, ही अशी गजबज असली की झालं.

डिचोलीकडच्या चढाला स्कूटर रडायला लागली. दोघं बसून मी हा चढ कितीदा चढले आहे. आता मागचं चाक खाली बसलं होतं, हँडल हलकं झालं होतं, आणि गाडी तिघं बसल्यावर ओढते तशी ओढत होती. संदीपचा हात माझ्या खांद्यावर होता. मी आरशात पाहिलं. आरशात संदीपचा चेहरा दिसला, ताठ, डोळे मिटलेले. त्याच्या मागे पाहायला आरसा वळवावा लागला असता. मी वळवला नाही.

रस्त्याकडेच्या झाडांवरची पाखरं आमच्याबरोबर गप्प होत गेली आणि आम्ही पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात मला हे कळायला नको होतं, पण कळलं.

८

सर्वणला निलेशच्या आईचं, शेवंतीमावशींचं, घर विचारावं लागलं नाही. शेताच्या कडेला एकच घर असं होतं की ज्याचं पुढचं दार, मागचं दार आणि सगळी जनेलं उघडी होती. निलेशची आई दारातच उभी होती. लहानखुरी बाई, कपाळावर गोंदण, पदर खोचलेला, जणू मला यायला उशीर झाला होता.

मी सगळं पाठ करून आले होते. मावशी, आम्ही हळर्णचे, तुमच्या निलेशच्या पलटणीतले, ही त्याची वस्तू तुमच्याकडे असायला हवी. मी डिकीतून पट्टा काढून त्यांच्या हातात दिला आणि तोंड उघडलं. त्यांनी पट्टा घेतला, नाव वाचलंही नाही, वास घेतला आणि तो आतल्या खुंटीला अडकवला. मग त्या माझ्या खांद्यामागे पाहून हसल्या.

"आयलो रे पुता," त्या म्हणाल्या. "यो. भितर यो."

अंगणातली चिमणी गप्प झाली. आंब्यावरच्या साळुंक्या गप्प झाल्या. माझ्या शेजारून काहीतरी गेलं, वाऱ्यासारखं नव्हे, कारण वारा लागतो. ओल्या बांबूचा वास उंबरा ओलांडून आत गेला. शेवंतीमावशींनी दोन्ही हात पुढे केले आणि कुणाला तरी कमरेत मिठी मारली.

मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. झालं एकदाचं. मी वळून संदीपला म्हटलं, "या हवालदार, पायां पडा आणि जाव्या."

संदीप स्कूटरजवळ उभा होता. त्याचे ओठ हलले. पुन्हा हलले. तो जोर करून ओरडत होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. भर उन्हात त्याच्या पायाशी सावली आहे की नाही, हे मला सांगता येईना. स्कूटरची होती.

मी पुन्हा आत पाहिलं. शेवंतीमावशी त्याला धरून उभ्या होत्या, गाल टेकवून, डोळे मिटून. हातांच्या गोलात मला कुणी दिसत नव्हतं. पण त्यांच्या लुगड्यावर, पोटाशी, एक ओली पट्टी उमटत होती. आडवी. चार बोटं रुंद.

तेव्हा मला कळलं की मी अर्धीच चूक दुरुस्त केली होती. त्याचा पट्टा त्याच्या घरी पोचला होता. माझ्या नवऱ्याचा अजून निलेशच्या कमरेला होता.

मी उंबरा ओलांडला. परक्या घरात न विचारता शिरले, थेट त्या दोघांजवळ गेले आणि हात पुढे केला. हवेत काही नव्हतं, आणि मग होतं. ओलं, खरखरीत, जाड विणीचं. त्याच्या आत कुणीतरी श्वास घेत होतं. पट्टा वरखाली होत होता. बोटं सरकवत गेले तशी मोच्याची शिवण लागली, आणि पुढे बकल.

शेवंतीमावशींनी डोळे उघडले. त्यांना माझ्याविषयी सगळं कळलं, हे मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"सोडूं नाका गो बाये," त्या म्हणाल्या. "त्या पट्ट्याचेरच उबो आसा तो. तुज्या पायां पडटां. सोडूं नाका."

"मावशी, हो माझ्या घोवाचो," मी म्हटलं.

"जाणां गो. तरी आसूं दी. एक दीस आसूं दी. हांवें ताका अजून जेवक वाडूंक ना."

चूल पेटलेली होती. पाट मांडलेला होता. मी दाराबाहेर पाहिलं, स्कूटरजवळ आता संदीप होता असं शपथेवर सांगता आलं नसतं.

मी बकल सोडलं.

आवाज झाला नाही. पट्टा माझ्या हातात आला, पाण्याने जड, आणि अंगणातून संदीपची हाक आली, "रेश्मा! रेश्मा, काय करतंस गो?" केवढा मोठा आवाज होता तो! वाड्यावरची कुत्री भुंकू लागली, पाखरं उडाली, कुणीतरी शेतातून वळून पाहिलं. मला आनंद झाला. तो मी लपवणार नाही, आणि कुणापुढे मान खालीही घालणार नाही. माझा माणूस मी आणला.

शेवंतीमावशींनी मला शिव्या दिल्या नाहीत. त्यांचे हात अजून कमरेएवढ्या गोलात धरलेले होते. मग तो गोल लहान होऊ लागला. त्यांनी आवळला नाही, त्या तर धरून ठेवायला बघत होत्या, पण आतलं माणूस बारीक होत चाललं होतं. आणखी बारीक. हात जवळ येत गेले, आणि शेवटी त्यांच्या एका हाताला त्यांचाच दुसरा हात लागला.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मी पट्टा ओढणीत गुंडाळला आणि बाहेर येऊन स्कूटर चालू केली.